रेतीखालचा पावणा

आबा, आज तुम्हाला एका खेकड्याबद्दल लिहायचं आहे. हसू नका. तुम्ही असता तर पहिला प्रश्न हाच आला असता, "रस्सा कधी हाय?" पंचगंगेचे खेकडे कुणी आणून दिले की आई पातळ लालभडक रस्सा करायची आणि तुम्ही सगळ्यांची जेवणं उरकली तरी नांग्या फोडत पाटावर बसलेले असायचा. मीही तुमचीच लेक. डबा उघडून आत पाहिलं तेव्हा माझ्याही मनात आधी रस्साच आला होता. पण हा खाण्यातला नाही. सुपारीएवढा जीव, समुद्रातल्या कुणीतरी टाकून दिलेल्या शंखात राहतो, जमिनीवर चालतो, आणि लोक तो हौसेने पाळतात. तुमच्या नातीने पुण्यात पाळला होता. तुम्ही तिला पाहिलं नाही. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी ती झाली. तिची बदली बेंगळुरूला झाली, नवा घरमालक पाळलेले मासेसुद्धा चालणार नाहीत म्हणाला, म्हणून ती हा काचेचा चौकोनी डबा माझ्या स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर ठेवून गेली. "आई, थोड्या दिवसांसाठी." लेकींचं थोडे दिवस म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

मी त्याला पावणं म्हणते. नाव तिने काहीतरी इंग्रजी ठेवलं होतं, ते माझ्या जिभेवर बसेना. एक दिवस भाजी निवडताना सहज म्हणून गेले, "काय पावणं, चहा घेणार का?" तर शंखातून दोन दाण्यांसारखे डोळे बाहेर आले. तेव्हापासून तो पावणं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून घरात मी एकटीच असते. ह्यांना जाऊन चार-पाच वर्षं झाली. बोलायला कुणी लागतं, आबा. तो ऐकतो की नाही माहीत नाही, पण मधे तोडत नाही, आणि आपल्या घराण्यात हा गुण यापूर्वी कुणात नव्हता.

पितृपक्षात शेजारचं मांजर खिडकीतून आत आलं आणि डबा कट्ट्यावरून खाली. काच फुटली नाही, पण झाकण निघालं आणि त्याची मोठी नांगी, ज्या नांगीने तो शंखाचं दार लावून घेतो ती, मुळातून तुटून फरशीवर पडली. मी ती हातात घेतली. इतकी हलकी होती की धरलीय असं वाटेना. पावणं शंखात खोल जाऊन बसलं, दार मात्र लावता येईना. मी त्याला डब्यात घालून, रिक्षा करून गुरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर भला माणूस. समोर एक म्हैस उभी, एक कुत्रं कण्हतंय, आणि मी डबा पुढे केला. त्यांनी चष्मा वर केला. "मॅडम, म्हैस आणा, रेडकू आणा, शेरडू आणा. ह्येचं आम्हाला कुणी शिकवलंच न्हाय वो. ह्येला सुई कुठं टोचू, सांगा तुम्हीच." म्हैसवाला मान लांब करून बघत म्हणाला, "मावशी, दोन-चार असतं तर जेवण तरी झालं असतं." मी म्हैसवाल्याकडे बघितलं. शाळेतली नजर अजून चालते.

रात्री लेकीचा फोन आला. तिने तिकडे कुणाकुणाला विचारलं होतं. औषध नाही, म्हणाली. एकच उपाय आहे. त्याला खोल, ओलसर रेती द्यायची. तो आपला आपण खाली जातो, स्वतःला पुरून घेतो, जुनी कात टाकतो, आणि तुटलेला अवयव आतल्या आत परत उगवतो. महिना लागेल, दोन लागतील. "तोवर हात लावायचा नाही, आई. उकरलंस तर मरेल. कात टाकताना तो लोण्यासारखा मऊ असतो." रेती म्हटल्यावर मी निश्चिंत झाले. फाउंड्रीत साचे भरणाऱ्या मोल्डरची पोरगी मी. रेतीसाठी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

दादाला फोन लावला. दादा आता तुमच्याच उद्यमनगरात स्वतःची छोटी फाउंड्री चालवतो, तुम्हाला बरं वाटेल. संध्याकाळी तो घमेलंभर साच्याची रेती घेऊन हजर. काळी, मऊ, तोच वास. आबा, त्या वासाने मी स्वयंपाकघरात उभी राहिले ती तशीच. तुमच्या खाकी शर्टाचा वास तो. आई तो शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची आणि पाणी शाईसारखं व्हायचं. आम्ही दोघा बहीणभावांनी मोठ्या अभिमानाने ती रेती डब्यात भरली, हाताने दाबून बसवली. दादा म्हणाला, "आबांनी बघितलं असतं तर म्हणालं असतं, पोरं कामाला आली." पावणं काही त्यात उतरेना. कोपऱ्यातल्या लाकडाच्या तुकड्यावर चढून बसलं, पाय काळे झालेले. मी फोटो पाठवला आणि लेक फोनवर किंचाळली. "आई, ती काळी का आहे? त्यात कोळसा असतो ना! चिकणमाती असते! त्याला मारणार आहात का दोघं?" खरंच की. कोळशाची भुकटी घातल्याशिवाय साच्याची रेती होत नाही, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. पण आमच्या घरात रेती म्हणजे तीच. दुसरी रेती असते हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. दादा घमेलं उचलून खाली मान घालून गेला.

मग नदीची वाळू आणली. धुतली, पुन्हा धुतली, गच्चीवर वाळवली. पाणी शिंपडून मळायला बसले, आणि किती पाणी घालायचं हे लेकीला विचारायचं राहूनच गेलं, कारण माझा हात आपोआप चालला होता. मूठभर घ्यायची, आवळायची, मूठ उघडायची. बोटांचे ठसे उमटले पाहिजेत. मग मधोमध मोडायची, कड सरळ तुटली पाहिजे, भुगा होता कामा नये. हे तुम्ही मला कधी शिकवलं नव्हतं. तुमचा जेवणाचा डबा घेऊन फाउंड्रीत आले की तुमचं काम संपेपर्यंत मी बाजूच्या ढिगावर बसायची, तुम्ही दिवसभरात शंभरदा मूठ आवळताना बघायची. मूठ उघडल्यावर तुम्ही ती पुढे करायचा, मी मान हलवली की मगच ती साच्यात जायची. शाळकरी पोरीची परवानगी. मला तेव्हा खरंच वाटायचं की माझ्या मानेवर तुमचं काम अडलंय.

एकदाच ओरडला होतात तुम्ही तिथे. इंजिनाचं मोठं चाक ओतलं होतं. साच्यांच्या पेट्या ओळीने थंड व्हायला ठेवलेल्या, वरची रेती गार दिसत होती, आणि मी काटकी घेऊन तिच्यावर माझं नाव लिहायला गेले. "हात काढ आधी!" असा आवाज मी तुमचा घरात कधी ऐकला नव्हता. मी रडायला लागले. तुम्ही आलात, हात पुसलेत, खाली बसलात. "वरनं गार दिसतंय गं. आत अजून चाललंय त्येचं. घाईनं उघडलं की तडकतंय." त्याच दिवशी मालक स्वतः येऊन उभे होते, गिऱ्हाईक खोळंबलंय, पेटी उघडा म्हणून. तुम्ही त्यांनाही तेच सांगितलंत, आवाज जरा खालचा, एवढाच फरक. आणि त्या वर्षीच्या बेंदराच्या सणाला उरलेल्या रसातून माझ्यासाठी लोखंडाचा बैल ओतून आणलात. सगळ्या गल्लीत मातीचे बैल, माझा एकटीचा लोखंडी. एका शिंगापर्यंत रस पोचला नव्हता. मी तोंड वाकडं केलं तर म्हणालात, "शिंग न्हाय म्हणून बैल न्हाय व्हय त्यो?"

पण घरात? घरात तुमच्याएवढा उतावळा माणूस मी पाहिला नाही. भाताचं झाकण दहा वेळा वर. आंबे पिकायला घातले की पेंढ्यात हात. आणि घटस्थापनेचा तो प्रकार आठवतोय का? घटाच्या मातीत धान्य पेरलेलं, दुसऱ्याच दिवशी तुम्ही देव्हाऱ्यासमोर वाकून बोटाने माती बाजूला करताय, आणि मागून आई. "फाउंड्रीत समद्यांस्नी दम देताय, हात लावू नका म्हणून, आणि हितं देवीलाबी उकरायला निघालाय व्हय?" तुम्ही बोट मागे घेऊन म्हणालात, "कोंब फुटलाय का बघत हुतो." आई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पदराआड हसत होती.

यंदा घट बसले त्याच दिवशी पावणं खाली गेलं. सकाळी देवीसमोर माती ओली करून आले, तर डब्यात फक्त सपाट वाळू. एका कोपऱ्यात थोडा उंचवटा. झाकण लावलं, वर पंचा टाकला, आणि बाजूला तो एका शिंगाचा बैल ठेवला. राखणीला म्हणा. घटातले कोंब वर आले, वीतभर झाले, दसऱ्याला ते उपटून सगळ्यांच्या टोप्यांत आणि वेण्यांत खोवून झाले. वाळू तशीच. दिवाळी आली. फराळाचा वास घरभर, डब्याला कसलाच वास नाही. शेजारीण रोज विचारायची, "वास येतोय का? मेला असंल तर मासा कुजल्यागत वास येतोय म्हणं." मी रोज नाक लावायची. भाऊबीजेला दादा आला, ओवाळून झालं, आणि डब्याकडे बघून म्हणाला, "अगं, मेलं असंल त्ये. उकरून बघ की एकदा, सोक्षमोक्ष तरी लागंल." त्याने खरंच झाकणाला हात घातला. आणि माझ्या तोंडून तुमचा आवाज निघाला, आबा. "हात काढ आधी!" दादा दचकून मागे झाला.  त्याने करंजी उचलली, खाल्ली नाही.

त्यालाही तेच आठवलं असणार. तुम्ही गेलात तो दिवस. छातीतला तो खोकला थांबला आणि घर एकदम शांत झालं. डॉक्टर येऊन गेले. बाहेर तुमचे फाउंड्रीतले सगळे सोबती जमलेले, कुणी बांबू आणलेला. मी तुमच्या कपाळावर हात ठेवला. गार होतं. पण मला काय शिकवलेलं होतं तुम्ही? वरून गार दिसतं. मी सगळ्यांना म्हटलं, थांबा जरा, आत अजून चाललं असेल. मी नुकती मास्तरीण झालेली, चांगली शिकलेली, आणि हे मी मोठ्याने म्हणत होते. कुणी रागावलं नाही. आत्याने मला उठवलं. "आवर बाळा. दिवस मावळायच्या आत न्ह्यायला पायजे. आवर." सगळे बरोबर होते. तुम्ही गेला होतात. पण माझं थांबणं अर्धंच राहिलं, आबा. इतक्या वर्षांत नोकरी झाली, संसार झाला, आई गेली, हे गेले, प्रत्येक वेळी लोक आवर म्हणाले आणि मी आवरलं. मला तुमची आठवण येते हे सांगायलासुद्धा आता कुणी उरलं नाही. दादासमोर काढलं की तो उठून गाडी पुसायला जातो.

म्हणून मला तो खेकडा जगायला हवा होता. लेकीचा आहे म्हणून, हे खरंच. पण तेवढंच नाही. गार दिसणाऱ्या रेतीखाली एकदा तरी खरंच काहीतरी चालू असावं, एवढंच मला हवं होतं. रोज वाळूच्या कडेला पाणी शिंपडायची, खाऱ्या पाण्याची वाटी बदलायची, आणि बोट पुढे जायचं ते मागे घ्यायची. देवीला उकरणाऱ्याची मुलगी आहे मी. बोटाला खाज तुमचीच, आणि तंबीही तुमचीच.

परवा सकाळी कोथिंबीर निवडत बसले होते. पंच्याखाली खरखर झाली. मी पंचा काढला. कोपऱ्यातली वाळू फुटली होती, आणि पावणं वाटीच्या काठाला टेकून उभं होतं. रंग फिकट गुलाबी, धुऊन काढल्यासारखा. तुटलेल्या जागी नवी नांगी. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, पांढुरकी. तिने शंखाचं दार अजून लागत नाही. पण तो ती हलवत होता, पाण्यात बुडवून बघत होता.

आबा, हे पत्र कुठे टाकायचं नाही. घडी घालून त्या बैलाखाली ठेवेन, आणि लेकीला सापडलं तरी ती न वाचता बैल परत वर ठेवून देईल. त्यामुळे एक गोष्ट सांगायला हरकत नाही. पावणं वर आलं तेव्हा मी लेकीला फोन केला नाही, दादालाही नाही. ते सगळं नंतर. आधी मी हातातली कोथिंबीर टाकून बाहेरच्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "आबा, वर आला बघा!" आणि तुमच्या उत्तरासाठी थांबले. घरात आवर म्हणायला कुणी नव्हतं. मनसोक्त थांबले.