देवीने धरलेली चूड

मोठी आई,

तू गेलीस, आणि यंदा सप्त्यात, काल्याच्या दिवशी, तुझ्यावर बोलायला मला उभं करायचं ठरलं. मला! शाळेत कवितेच्या दुसऱ्या कडव्यापुढे जो कधी गेला नाही, तो मी. बोअर मारायच्या गाडीवर काम करतो, आज सिन्नर तर उद्या जव्हार. मशीन नादुरुस्त झालं म्हणून चार दिवस गावी आलो, तर भजनी मंडळाच्या बुवांनी देवळाच्या पायरीवरच पकडलं. "पाच मिनिटं बोल रे. पन्नास वरसं ती बाई सप्त्याच्या चुलीपाशी उभी होती. तुला तिनंच वाढवलं, दुसरं कोण बोलणार? आणि तो राबाचा चमत्कार सांग. नव्या पोरांना म्हाईत नाय." मी हो म्हटलं आणि पायरी उतरायच्या आतच पस्तावलो. कारण त्या चमत्कारातली एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नव्हती, आणि जिचा राब जळाला ती पलीकडची काकी काल्याला पहिल्या रांगेत बसणार होती.

काय बोलायचं म्हणून वहीत लिहायला बसलो. आई-बाबा वीटभट्टीवर जायचे तेव्हा मला तुझ्याकडे टाकून जायचे, तिथून सुरुवात केली. मुरबाडकडून तू लहानपणीच लग्न होऊन आमच्या डोळखांबच्या बाजूला आलीस, हे लिहिलं. मग तुझे टाळ आठवले आणि गाडी तिकडेच गेली. भजनात तू कायम अर्धा ठेका पुढे. बुवा ओरडले की म्हणायचीस, "मी घाई नाय करत, तुमी मागं राह्यता." आणि गावदेवीला तू दर मंगळवारी दिवा लावायचीस, पण पाऊस लांबला की तेल कमी घालायचीस. "आधी काम कर बाई, मंग तेल." एवढ्या धाकात ठेवलेली देवी मी दुसऱ्या कुठल्याच गावात पाहिली नाही. कुणाकडे बाळंतपण असो की मयत, पहिली भाकऱ्यांची टोपली तुझ्या घरातून जायची. फक्त एका घरी जात नव्हती. पलीकडच्या काकीकडे.

राब जळाला त्याच्या नऊ वर्षं आधी तिने काल्याच्या पंगतीत सगळ्यांदेखत म्हटलं होतं, की डाळीत मीठ कमी आहे. तू पळी खाली ठेवलीस आणि बोलणं बंद. लावणीला मात्र दोघी एकाच ओळीत वाकलेल्या, कारण आज तुझं शेत तर उद्या तिचं, ही गावाची रीत. तिथे रुसवा चालत नाही. मग तू हातातल्या रोपाला सांगायचीस, "बाई, जरा सरळ लागत जा गो, काहींना वाकडंच आवडतं." आणि ती चिखलाला सांगायची, "ऐकलंस का रे बाबा, शिकवाया आली." मला वाटायचं, सगळीकडे बायका अशाच लावणी करतात.

मग तो चैत्र. बारावी नापास होऊन मी घरी होतो, म्हणजे घरी नव्हतोच. आदल्या दिवशी एका टेम्पोवाल्याबरोबर डोळखांबला गेलो होतो, आणि तू बजावलं होतंस, "उद्या वारा पडला की राब भाज. निदान तेवढं तरी कर." भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा आणि वरून माती पसरून ठेवायची आणि पावसाआधी ते जाळायचं, हा राब; महिनाभर पाठीवरून फाटे आणून तू तो रचला होतास. दुसऱ्या दिवशी मी डोंगरवाटेने परत निघालो. रस्त्यात कुणीतरी मध काढत होतं, तिथे दुपार गेली. शेतात पोचलो, गवताची चूड पेटवली, वाऱ्याच्या उलट अंगाने लावली आणि शांतपणे बसलो. तो राब आपला नव्हता. मधला बांध सोडला तर दोन्ही सारखेच दिसायचे, पण तो काकीचा होता.

नुसता जळाला असता तर एवढं काही नव्हतं. पण तिचा नवरा गेल्याला वर्ष झालं होतं आणि पोरगा भिवंडीच्या गोदामात लागल्यापासून फिरकला नव्हता. "बापाचा राब तुझ्या हाताने भाज" एवढ्या एका निमित्तावर तो रविवारी यायला कबूल झाला होता. त्या निमित्ताची मी राख करून ठेवली. हे मला वाटेत एका गुराख्याकडून कळलं, आणि मी तसाच शहापूरला पोचलो, तिथून मुरबाडला, तुझ्या माहेरी. तुझ्यापासून लपायला तुझ्याच माहेरी जाणारा मी एकटाच असेन.

चार दिवसांनी आलो तेव्हा तू अंगणात तांदूळ पाखडत होतीस. वर न बघता म्हणालीस, "पळालास तर पळालास, घरातली एकच काडेपेटी कशाला नेलीस? तीन दिवस इस्तव मागून आणते मी!" "कुणाकडून?" मी विचारलं. "कुणाकडून म्हंजे? पलीकडनं."

म्हणजे तू त्याच संध्याकाळी बांध ओलांडून गेली होतीस. नऊ वर्षांनी तिच्याशी पहिलं बोललीस ते असं: "माझा राब अजून भाजला नाय. तो तुझा. रविवारी तुझ्या पोराच्या हाताने भाज. तुझा भाजलेला मी घेते." आणि नऊ वर्षांनी तिने दिलेलं पहिलं उत्तर: "तुझ्या राबात शेण कमी हाय." मग दिवेलागणीपर्यंत दोघी भांडलात. रविवारी पोरगा आला, राब भाजला, चार दिवस राहिला. गावाने मला विचारलं तर तूच मध्ये पडलीस. "हा कुटला पेटवतोय? याला चुलीत जाळ करता येत नाय. देवीनेच चूड धरली. तिला आमचा अबोला बघवला नाय." मला वाचवायला म्हणतेस असं आधी वाटलं. पण पुढच्या मंगळवारी तू दिव्यात काठोकाठ तेल घातलंस, तेव्हा कळलं की तुझा खरंच तसा विश्वास आहे.

आता माझी गोष्ट. चूड लावली, एका कोपऱ्याने पेट घेतला, आणि मला दिसलं की भाजण्याआधी पुजतात त्या राबाच्या दगडाला हळदकुंकू नाही. आपल्या राबाच्या दगडाला तू आधीच लावलं होतंस. म्हणजे हा राब आपला नाही, हे मला तेव्हाच कळलं. हाताशी ओली फांदी होती. चार फटक्यांत विझलं असतं. पण काय सरळ जळत होता गं तो! धूर एका बाजूला, आग मुंगीसारखी पुढे सरकणारी. जन्मात पहिल्यांदा माझ्या हातून एक काम नीट होत होतं. मी बघत बसलो.

हे लपवून माईकवर देवीचं नाव घ्यायचं माझ्याच्याने होईना. म्हणून काल्याच्या सकाळी काकीकडे गेलो. आता ती पार वाकली आहे, पण कान तिखट. सगळं सांगितलं. म्हटलं, शिव्या दे, राग धर, पण मला खोटं बोलायला लावू नको. ती सुपारी कातरत म्हणाली, "मला म्हाईत हाय. मी तितंच होते. करवंदीच्या जाळीमागं."

"मग ओरडलीस का नाहीस?"

"कशी ओरडू? तुमच्या घराशी माझं बोलणं नव्हतं!"

तिने सुपारी तोंडात टाकली. म्हणाली, "रडत होते रे जाळीमागं. पण आधी मी तोंड उघडायचं म्हंजे... डाळ खरंच अळणी होती."

"आणि मोठ्या आईला हे कधी सांगितलं नाहीस?"

"सांगणार होते. पण ती देवीचं एवढं हरखून सांगत आली, म्हटलं ऱ्हाऊ दे. पोरगा तर आला ना माझा. तूबी आज गप देवीचंच सांग. मला आयकायचंय."

म्हणजे मोठी आई, तो चमत्कार आपल्या तिघांत एकट्या तुलाच पुरता खरा वाटत होता. मला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं, आणि देवीलाही असणारच. म्हणून हे पत्र तुझ्या फोटोपुढे वाचणार नाही, देवळातही ठेवणार नाही. तुला वाचता येत नव्हतं हे माझ्या पथ्यावर पडलं. उद्या मशीन चालू झालं की निघेन, तेव्हा ही वही गाडीत माझ्याबरोबरच जाईल.

पाच मिनिटांचं मी पंचवीस मिनिटं बोललो. बुवा मागून सदरा ओढत होते. देवीने चूड कशी धरली ते सांगितलं. पहिल्या रांगेत काकी मान डोलवत होती, जणू आताच ऐकते आहे. शेजारी तिचा पोरगा, आता दोन पोरांचा बाप, डोळे पुसत होता. आणि सांगता सांगता, खरं सांगतो, मलाही थोडं थोडं पटायला लागलं.