सर्वणच्या गाडीची दुसरी चावी

सोमवार, १२ नोव्हेंबर २०१८

आमच्या साखळी गावच्या बाजारात आज सगळ्यांच्या माना वळल्या. एक गाडी सारखा हॉर्न वाजवत आली आणि माझ्याच गॅरेजपुढं थांबली! आत रुक्मिणीवहिनी, घामाघूम. वायपर कोरड्या काचेवर फिरतायत, दारांची लॉकं आपोआप खटाखट लागतायत, सुटतायत.

"भावजी, आधी हिचं तोंड बंद करा!"

बॅटरीची वायर काढली. शांत.

ही रघूदादाची गाडी. म्हणजे खरं तर आम्हा दोघा भावांची. २००६ साली मिळून घेतली, दोघांकडे एकेक चावी. सहा वर्षांपूर्वी सर्वण गावी, घरच्या सत्यनारायणाला दादा बाराजणांसमोर म्हणाला, "गाडयेचें काम शिकिल्ल्याक दिवचें. आमचो कृष्णनाथ वायरी जोडटा." गाडीचं काम शिकलेल्याला द्यावं म्हणे, मी कृष्णनाथ नुसता वायरी जोडणारा! तेव्हापासून बोलणं बंद. गाडीला मी हात लावला नाही. चावी त्यानं मागितली नाही, मी दिली नाही.

"पणजीला दाखवली," वहिनी म्हणाल्या. "बॉडी कंट्रोल मोड्यूल गेलं म्हणे. ह्या जुन्या मॉडेलाचं आता येत नाही, भंगारात घाला."

"आणि दादा काय म्हणतो?"

"ते काय म्हणतले? चावी माझ्या हातात दिली नि म्हणाले, तूच व्हर."

गाडी माझ्याकडे न्यायला दादानंच सांगितलं! खोटं कशाला लिहू? बरं वाटलं. फार बरं वाटलं.

मंगळवार, १३

डॅशबोर्ड उतरवला. हे मोड्यूल म्हणजे वहीएवढा डबा. दिवे, वायपर, हॉर्न, लॉक, सगळ्यांना हुकूम देणारा. कनेक्टरवर हिरवा चुरा. पाणी! काचेखालची पाणी जायची नळी पानांनी तुंबलेली, त्यामुळं पाणी आत उतरून थेट डब्यावर. पणजीवाल्यांनी नळी बघितलीच नाही. नवा डबा मिळाला असता तरी पुढच्या पावसाळ्यात तोही गेलाच असता.

भिंगाखाली बोर्ड बघितला. तांब्याच्या सात रेषा खाऊन गेलेल्या. जोडता आल्या असत्या, पण टिकल्या नसत्या. न टिकणारं काम मी करत नाही.

कोल्हापूरच्या केरबाला फोन लावला. तो जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकतो.

"हाय की! पुढनं चेपलेली गाडी पडलीया, डबा ठणठणीत."

"डब्यावरचा नंबर वाच."

"त्योच हाय वो."

"वाच."

दोन शिव्या घालून वाचला. शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला!

शुक्रवार, १६

डबा बसनं आला. नळी साफ, कनेक्टरच्या पिना नव्या. डब्यातली आधीच्या गाडीची माहिती पुसून तो कोरा केला. सातवी पास माणूस! शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी मॅन्युअल वाचायला दोन पावसाळे लागले होते — ते असे कामी आले.

आता चाव्या. ह्या गाडीत चावी ओळखतो तो हाच डबा. नव्या डब्याला चाव्या शिकवाव्या लागतात, सगळ्या एकाच बैठकीत. त्या वेळी जी चावी हजर नसेल तिनं दार उघडेल, पण इंजीन सुरू होणार नाही.

वहिनींनी दिलीय एक. दुसरी माझ्या ड्रॉवरात.

बायकोला सांगितलं. शेवंती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग दोन्ही शिकवा."

"मालकाला विचारल्याशिवाय?"

"अर्धे मालक तुम्ही न्हय? बरं, मग फोन करा त्यांना."

"मी करणार नाही."

"दोगूय सारकेच. खुळे."

शनिवार, १७

एकच शिकवली तर आमचं तुटलं, यावर मीच शिक्का मारल्यासारखं. दोन्ही शिकवल्या तर चोरून हक्क लावल्यासारखं. काम थांबवलं. दिवसभर नुसत्या वायरी बांधत बसलो. छान बांधल्या.

रविवार, १८

वहिनींना फोन केला. न शिकवलेल्या चावीचं काय होतं ते सांगितलं. गिऱ्हाइकाला सांगायचं म्हणजे सांगायचंच. मग विचारलं, "किती शिकवू?"

"रावा, विचारते."

पलीकडून दादाचा आवाज. सहा वर्षांनी!

"कितल्यो आसात तितल्यो."

"भावजी, ते म्हणतात—"

"ऐकलं, वहिनी."

दोन्ही शिकवल्या. आधी त्याची, मग माझी. प्रत्येकीनं दहा वेळा गाडी सुरू करून बघितली. विसापैकी वीस!

मंगळवार, २०

वहिनी गाडी न्यायला आल्या. वायपरचे तिन्ही वेग, चारही लॉकं, आतला दिवासुद्धा त्यांच्यासमोर चालवून दाखवला. माझी चावी पुढं केली तर घेईनात.

"ती तुमच्याकडेच ठेवायला सांगितलंय."

कोपऱ्यावर वळताना त्यांनी हॉर्न दिला. एकदाच, मुद्दाम.

रविवार, २५

रघूदादा आला. एकटाच, गाडी स्वतः चालवत. सहा वर्षांत केस बरेच पिकलेत. चावी टेबलावर ठेवली, भिंतीकडे बघत म्हणाला, "माजी चावी चलना."

चालत नाही म्हणे! माझी चावी तर ड्रॉवरात. म्हणजे सर्वणहून आला तो ह्याच चावीवर. बॉनेट अजून गरम होतं.

त्याला स्टूल दिलं, शेवंतीला चहा टाकायला सांगितला आणि डॅशबोर्ड पुन्हा उतरवायला घेतला. सबंध दुपार लावली.

जॉबकार्डावर लिहिलं: चावीत दोष होता.