बोटभर जागा

प्रिय ताई,

पाकीट बघून घाबरू नकोस, सगळे बरे आहोत. रोज फोन होतो आणि ही पत्र काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. पण फोनवर माझी भिंगरी तुझ्या मांडीत असते, तिचा आवाज आला की मला जे बोलायचं ते राहूनच जातं. मग मी विचारते जेवलीस का, आणि ती म्हणते हो, आणि संपलं. म्हणून लिहितेय. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तुला माहितीये. लागलं नाही तिथे अंदाजाने वाच.

आत्ता मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेय आणि माझ्या उजव्या पायात एका जोडातला बूट आहे, डाव्या पायात दुसऱ्या जोडातला. दोन्ही पांढरे, बर्फावर घसरायचे. खालचं ब्लेड अजून बसवलेलं नाही. उजवा घट्ट, डावा सैल. शनिवारी यातला एक जोड परत करायचा आणि एक ठेवायचा, आणि कुठला ठेवू ते मला कळत नाही गं. सकाळपासून घरभर फिरतेय झपाटल्यासारखी. मघाशी हे जेवायला आले, माझे पाय बघितले आणि म्हणाले, लग्नाला निघालीस की लढाईला? मी म्हटलं चेष्टा नको, तुम्ही सांगा कुठला घेऊ. तर म्हणाले, पाय तुझा, मला काय कळणार, मी बर्फ सपाट करतो, त्यावर कोण कसा पडतो ते माझं खातं नाही. आणि गेले परत रिंकवर, त्यांच्या त्या बर्फाच्या गाडीवर.

तुला एवढंच माहीत आहे की मी रिंकवर खिडकीत बसते, लोकांना भाड्याचे बूट देते, परत आले की आतून पुसते, फवारा मारते, वाळत घालते. पण मी स्वतः पण बर्फावर जाते, हे तुला सांगितलं नाही. म्हटलं ताई ओरडेल, एक हाड मोडलं तर काय करशील. सकाळी लोक यायच्या आधी शिट्टीबाई असतात, शिकवणाऱ्या. गळ्यात कायम शिट्टी म्हणून शिट्टीबाई. एकदा त्याच म्हणाल्या, दिवसभर दुसऱ्यांचे पाय बघतेस, स्वतःचे कधी घालशील? डॉक्टरीणबाई पण म्हणाल्या होत्या ना, अंगाला काम दे, डोक्याला नको. म्हणून गेले. पहिले कितीतरी दिवस नुसती कठडा धरून, पालीसारखी. शिट्टीबाई म्हणायच्या, भिंत पडत नाहीये, सोड तिला. मग सुटली. मग मागे जायला आलं, मग पायावरून पाय टाकून वळायला आलं, आता एक उडी पण येते. उडी म्हणजे काय, चिमणी दाणा टिपून बाजूला होते तेवढीच. पण दोन्ही पाय वर येतात ताई. खरंच येतात.

भीती वाटते का म्हणशील तर वाटते. पण ती वेगळी. पडेन याची भीती कशी, सरळ असते. पडलं की पडलं, ढुंगण शेकायचं आणि उठायचं. ती दुसरी भीती तशी नव्हती. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण मी ते कधी तोंडाने बोललेच नाही. भिंगरीला घेऊन जिना उतरायचा म्हटलं की मला वाटायचं माझे हात आपोआप उघडतील. मी काही करणार नाही, पण हातच उघडतील. म्हणून मी बसून बसून, एकेक पायरी घसरत खाली यायचे, तिला पोटाशी धरून. खालची शेजारीण म्हणायची, काय गं, पायऱ्या पुसतेस का? मग बसूनही उतरेनाशी झाले. मग पाळण्यातून उचलेनाशी झाले. ती रडायची आणि मी दाराला टेकून उभी. तू आलीस, म्हणालीस महिनाभर नेते, तुझी झोप होईल, बरी होशील. बरी झाले गं. पण महिन्याची दोन वर्षं झाली. तुझं काही चुकलं असं म्हणत नाहीये मी. दर वेळी मीच म्हणाले, अजून थोडे दिवस राहू दे.

भिंगरी आता किती जड झाली असेल? डॉक्टरकडे नेलंस की वजन करतात का? असंच विचारतेय.

तर बुटांचं सांगत होते. माझे हात बर्फावर फार हलतात, नाव वल्हवल्यासारखे. म्हणून शिट्टीबाईंनी मला एक अस्वल दिलं. कापडाचं, आत वाळू भरलेली, छोट्या पोरांच्या खेळासाठी असतं, चांगलं वजनदार. म्हणाल्या, हे छातीशी धर आणि फिर, म्हणजे हात गप्प बसतील. मला आधी घ्यायलाच होईना. त्यांना कारण माहीत नव्हतं. त्यांनी ते माझ्या हातात कोंबलं आणि शिट्टी वाजवली. फिरले मी. एक फेरी, दुसरी फेरी, आणि वळताना भाड्याच्या बुटात माझी टाच उचलली, घोटा वाकडा झाला, आणि मी अशी आपटले की पलीकडे हे गाडी चालवत होते, त्यांनी ती थांबवली. आणि ताई, मी कमरेवर पडलेली, पँट भिजलेली, आणि अस्वल दोन्ही हातांनी वर धरलेलं. बर्फाला लागू दिलं नाही. शिट्टीबाई पोट धरून हसल्या, अगं सोड आता, वाचलं ते! मला सोडवेना. हे धावत आले आणि ते पण हसायला लागले, मग माझं तोंड बघितलं आणि माझ्याशेजारी बर्फावरच बसले. त्यांना कळलं.

मग शिट्टीबाईंनी माझा बूट ओढून बघितला. म्हणाल्या, पाय आत पोहतोय तुझा. असल्या बुटात आता पुढे गेलीस तर घोटा जाईल, स्वतःचे घे. म्हणून बुटवाल्या काकांकडे गेले. रिंकच्या मागेच त्यांचं दुकान आहे, धार लावायची मशीन पण तिथेच. मी जाऊन पहिलं काय म्हटलं असेल? म्हटलं, माझा जो नंबर असेल त्यापेक्षा एक मोठा द्या. काका चष्म्यावरून बघायला लागले. म्हणाले, अजून वाढायची आहेस का? मी खाली बघितलं. आपल्या आईची सवय गं. आठवतं ना, दुकानात गुडघ्यावर बसायची, तुझ्या अंगठ्यापुढे बोट दाबून बघायची, बोटभर जागा हवीच. पुढे चिंधी कोंबायची. तुला बरोबर बसायला लागले की ते फाटायला आलेले असायचे, आणि मग माझ्याकडे यायचे, पुन्हा चिंधी घालून. तुझा पाय मोठा, माझा बारका. माझ्या मापाचा बूट माझ्या पायात कधी आलाच नाही. म्हणून काकांनी विचारलं ना, बरोबर बसतोय का, तर मी नुसती आत बोटं हलवत बसले. बरोबर म्हणजे कसं लागतं पायाला, हेच माहीत नाही.

मी दोन जाड मोजे घातलेले. काका म्हणाले, हे मोजे आहेत की गोधडी? काढायला लावले, एक पातळ दिला. उभं करून दोन्ही पाय मापले. डावा उजव्यापेक्षा मोठा निघाला. मी म्हटलं, लग्नाआधी माझा नंबर लहान होता हो, बाळंतपणात पाय वाढले. तर ते हसायचे थांबले. म्हणाले, होतं तसं, पाय पसरतो आणि परत जात नाही. जुना नंबर विसर, आजचा पाय घेऊन ये. मग विचारलं, बाळ कुठाय? मी म्हटलं, मावशीकडे. ते खाली वाकून नाडी आवळायला लागले.

आता मजा बघ. एक जोड घातला, मऊ, ऐसपैस, चप्पल घातल्यासारखा. मला वाटलं हाच. दुसरा घातला तर बोटं पुढे टेकली, घोटा असा धरला की हवालदाराने दंड धरावा. मी म्हटलं, हा लहान होतो. काका म्हणाले, गुडघे वाकव. वाकवले तर बोटं मागे आली आणि टाच तळाशी बसली. पण घोट्याशी आवळतच होतं. घट्ट म्हणजे किती घट्ट? दुखतं ते घट्ट की धरतं ते घट्ट? मी त्यांना विचारलं, तुम्हीच सांगा. ते म्हणतात, सैल बूट पायाचे लाड करतो आणि बर्फावर दगा देतो, एवढं मी सांगेन, बाकी तुझं तू. आणि फार कडक पण घेऊ नकोस, ती शिट्टीबाईंच्या वरच्या वर्गातली मुलगी हवेत दोनदा फिरते तिच्यासाठी ते असतात, तुझा घोटा वाकायचाच नाही त्यात. मी ब्लेडसुद्धा तिच्यासारखं मागितलं, पुढे मोठे दात असलेलं, छान दिसतं. तर म्हणाले, त्या दातांना अडकून तू तोंडावर पडशील, तुला साधं पुरे. आणि आधी ते कच्चं बसवणार, दोनचार स्क्रूवर. मी फिरायचं, आत झुकतंय की बाहेर ते सांगायचं, मग ते सरकवणार, आणि मगच पक्की भोकं पाडणार. भोक एकदा पाडलं की पाडलं. हे ऐकून तर माझं डोकंच फिरलं. दोन्ही जोड पिशवीत घातले आणि म्हणाले, घरी घालून चाल, शनिवारी ये, आणि मला नको विचारू, पायाला विचार.

पायाला विचारून विचारून दमले. सैल बरा वाटतो, मग वाटतं बरा वाटतो म्हणूनच नको. घट्ट बोचतो, मग वाटतं नवा आहे म्हणून बोचतो, मग वाटतं नाही, मला काही कळतच नाही. भिंगरीच्या बाबतीत पण माझं असंच होतं. ती तुझ्याकडे सुखात आहे, हे खरं. मग मला रात्रंदिवस तिची ओढ लागते, हे पण खरं. दोन्ही खरं कसं असेल?

आज दुपारी मी एक वेडेपणा केला. शिट्टीबाईंकडून ते अस्वल मागून आणलं होतं. आधी सगळा जिना झाडला, बुटांना घाण लागू नये म्हणून. मग एका पायात हा आणि एका पायात तो असे घालून, अस्वल छातीशी धरून जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. हात कठड्याला नाही. खूप वेळ उभी होते. मग उतरले. उजवा पाय ठेवला की ठेवला, पायरी कळायची. डावा ठेवला की आत पाय जरा उशिरा पोचायचा, आणि तेवढ्या उशिरात मी अस्वल आणखी आवळायचे. उजवा, डावा, उजवा, डावा. खाली पोचले तर शेजारीण दारात. माझे पाय बघितले, अस्वल बघितलं आणि म्हणाली, आज उभ्याने? मी म्हटलं, हो. तिने माझ्या गालाला हात लावला. वर आले आणि हे लिहायला बसले.

तर घट्टवाला ठेवते, हे आत्ता लिहितालिहिता ठरलं बघ. पण हे बुटामुळे झालं की माझ्यामुळे, ते मला अजूनही कळत नाही. आणि अस्वल म्हणजे काही पोर नाही. ते लाथा मारत नाही, गळ्यात पडून ओढत नाही.

ताई, आता जे लिहायला बसले होते ते लिहिते. शनिवारी भिंगरीला घेऊन येशील? तू पण ये, राहा. काका ब्लेड लावतील तेव्हा दोघी बाकावर बसा. आणि मग तू एकटी परत जाशील का? कायमची नेते असं नाही म्हणत. आधी दोनच रात्री. कच्च्या स्क्रूवर म्हण. तुझ्या घरात त्या दोन रात्री कशा जातील ते मला माहीत आहे, मीच त्या एवढ्या काढल्यात. तुला मूल नाही आणि तुझ्याकडून मी हे मागतेय, हे दोनदा खोडून लिहिलंय. नाही म्हणालीस तरी मी तुझीच. पण हो म्हणालीस, आणि मी घाबरून फोन केला, तर लगेच गाडीत बसू नकोस. आधी मला ओरड, म्हण, गुडघे वाकव. आणि एक कर. भिंगरीला कागदावर उभी कर आणि तिच्या पायाभोवती पेन फिरवून तो कागद मला आधीच पाठव. ती फोनवर मला बुटांची आई म्हणते ना, तुझ्याकडे येताना दर वेळी मी बूट आणते म्हणून, आणि दर वेळी ते मोठे होतात. मला तिचा पाय केवढा ते माहीतच नाही गं. पेन अगदी पायाला लावून फिरव. पुढे बोटभर जागा सोडू नकोस.

तुझीच,
धाकटी