टारामिनची काळी धावपट्टी

क्विल्बी, ३ सप्टेंबर १९७९

चि. क्लेम यास अनेक उत्तम आशीर्वाद.

उद्घाटनाचे निमंत्रण पोहोचले. तुमच्या नगरपालिकेने विमानतळावर डांबर ओतले, विजेचे दिवे लावले, प्रवाशांना काचेची खोली बांधली आणि भोवती उंच कुंपण घातले; तू तिचा अध्यक्ष, तुझी छाती फुगणारच. इथली मुरमाची पट्टी शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी एकटी राखते. आमच्या प्रवाशांना पत्र्याची शेड आणि एक बाक आहे. ब्रिस्बेनचे साप्ताहिक विमान आपल्या दोन गावांपैकी एकाच गावी उतरणार, हे तू पत्रात तीनदा लिहिलेस. मला एकदाच लिहिलेले वाचता येते.

शनिवारी येऊन सारे पाहिले. काचेची खोली पश्चिमेला तोंड करून आहे. जानेवारीच्या उन्हाळ्यात त्यात माणसे भाजून निघतील. गावाच्या नावाचा फलक वाकडा आहे. वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी इतकी भडक, की डोळे दुखतात. कुंपण बंद करण्यापूर्वी आत चरणारे कांगारू बाहेर काढलेत का? उद्घाटनाची फीत निळी कशासाठी? बाकांच्या रंगाविषयी न बोललेले बरे.

डल्सीच्या गुडघ्याला आराम पडो. लोभ आहेच, डांबरामुळे तो वाढेल, अशी अपेक्षा नसावी.

तुझी ताई,
ऑगस्टा


टारामिन, १० सप्टेंबर

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

तुझे पत्र मी डल्सीला मोठ्याने वाचून दाखवले. ती म्हणाली, की वन्सं पार जळून कोळसा झाल्यात, त्यांना थोडं आइस्क्रीम पाठवा. मला पहिली सायकल मिळाली, तेव्हाही तिची घंटी बेसूर आहे, असे तू आठवडाभर ऐकवत होतीस.

कुंपण चांगले सहा फुटी आहे. कांगारू आत येतीलच कसे? बुधवारी, १९ तारखेला, उद्घाटन आहे; साप्ताहिक विमान कुठे उतरवायचे हे ठरवणारे निरीक्षक विमानाने येतील, बँड वाजेल. रुसू नकोस, ये.

तुझ्या टोमण्यांवरच वाढलेला,
क्लेम


क्विल्बी, २० सप्टेंबर

चि. क्लेम यास आशीर्वाद.

डोके दुखत असल्याने काल आले नाही. मात्र रोजच्याप्रमाणे लँड रोव्हर फिरवून इथल्या पट्टीवरचे कांगारू हाकलले होते, म्हणून वर घिरट्या घालणारे विमान उतरू शकले. त्यातून तुझे निरीक्षक उतरले! सकाळच्या उन्हात तापलेल्या तुझ्या डांबरावर अख्खा कळप पसरला होता, बँडवाले मागे धावत होते आणि कुंपणाला धडकून कळप पुन्हा माघारी येत होता, असे त्यांनी सांगितले. मी त्यांना चहा आणि लॅमिंग्टन केक दिले. इतका नीटस मुरूम आपण कुठे पाहिला नाही, असे ते म्हणाले. नीट ऐकू आले नाही, असे सांगून ते वाक्य मी पुन्हा म्हणवून घेतले.

कांगारूंविषयी मी लिहिले होते.

तुझी (आज विशेष प्रसन्न) ताई,
ऑगस्टा


टारामिन, २५ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

अभिनंदन. विमान तुलाच मिळेल.

तू लिहिले होतेस हे खरे. पण वाऱ्याची पिशवी आणि फितीचा रंग यांच्या मधे. इतक्या तक्रारींतली खरी कुठली, हे मी कसे ओळखावे, ताई? तेवढी एकच लिहिली असतीस, तर त्याच दिवशी फाटक उघडले असते.

कळप अजून आतच आहे. आम्ही हाकतो, तो गोल फिरतो. निरीक्षक सोमवारी शेवटचे येणार. डल्सीला गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ब्रिस्बेनला जायचे आहे आणि मोटारीत तिचा पाय दुमडत नाही. क्विल्बीपर्यंत कसेबसे आणीन. शेडमधला तो बाक तिच्यासाठी राखून ठेव.

क्लेम


क्विल्बी, १ ऑक्टोबर

चि. क्लेम यास अनेक आशीर्वाद.

काल तुम्ही सारे चर्चमध्ये असताना मी येऊन गेले. कांगारू मागून पळवायचे नसतात. त्यांना पाण्याच्या दिशेने सावकाश ढकलायचे असते. ओढ्याकडचे फाटक मी उघडले आणि कळप गेल्यावर लावून घेतले.

पावसाळ्यात आमचा मुरूम आठवडेच्या आठवडे चिखल होऊन राहतो, हे निरीक्षकांना तारेने कळवले आहे. त्यांनी विचारले नव्हते. डल्सीला तुझ्याच गावातून विमानात बसव. खोलीला पडदे मात्र लाव.

फलक अजून वाकडाच आहे. तुझ्या मनात मला जागा असू दे. काचेची नसली तरी चालेल.

तुझी ताई,
ऑगस्टा

ता. क. लँड रोव्हरच्या तिसऱ्या फेरीलाच शेवटचा कांगारू बाहेर पडला होता. त्या डांबरावरून मी चौथी फेरी का मारली, हे विचारू नये.