कुटुर्ग्याचा डोळा

तळेघर,
२३ मार्च २०२५

चि. आदेश यास चांगदेवमामाचे आशीर्वाद.

माझा गुडघा सोडला तर इकडे सगळं बरं. बेल्ह्याच्या बाजारात तुझा टेम्पो चांगला चालतो, असं ताईकडून कळलं. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतलाय.

परवा देवराईत जाऊन आलो. खरं सांगतो, तुला खोटं पाडायलाच गेलो होतो. दोन वर्षांपूर्वीच्या पक्षीगणनेत तू तिथे तपकिरी डोक्याचे नऊ कुटुर्गे लिहिलेस. तो आमरायांचा, माळाकडचा पक्षी. आपल्या दाट रानात असतो पांढऱ्या गालाचा. दोघंही हिरवे, दोघांचं कुटुर्र कुटुर्र जवळपास सारखंच. मला वाटलं, पठ्ठ्या ओझरकडे कुणाच्या आमराईत बसून वही भरतोय. सगळ्यांसमोर तुझी नोंद खोडली, वही काढून घेतली. तू एका शब्दानं बोलला नाहीस, पुन्हा आलाही नाहीस. चोराच्या मनात चांदणं, म्हटलं मी.

राईच्या वाटेवर शेळ्या घेऊन ठकूबाई भेटल्या. त्यांची उलटतपासणीच घेतली. म्हणाल्या, "तुमचा भाचा व्हय? रोज पहाटं यायचा. लई येळ मान वर करून उभा ऱ्हायचा." तूच त्यांना पढवून ठेवलंस की काय, असंही मनात आलं. संशयाला औषध नाही, असं तुझी मामी म्हणते ते उगाच नाही.

आत गेलो तर ऊन जमिनीपर्यंत पोचलेलं. मधली मोठी झाडं गेलीत. काही बुंधे जुने, काळे पडलेले. काही अगदी ताजे. उंबरावर कुटुर्र चाललं होतं. पांढऱ्या गालाचाच, म्हणत दुर्बीण लावली. डोळ्याभोवती पिवळं कडं, म्हणजे तपकिरी डोक्याचा. दुसऱ्याच्याही, तिसऱ्याच्याही. दुपारपर्यंत बसलो, पांढऱ्या गालाचा एक दिसला नाही.

आवाज फसवतो, डोळा पाहिल्याशिवाय नाव लिहायचं नाही, हे तुला मीच शिकवलं. तू पाहून लिहिलंस, मी न पाहता खोडलं. तेव्हाच राईत गेलो असतो तर तोड कळली असती, ताजे बुंधे आज झाडं असते. मला फार लाज वाटते, आदेश.

आणि वर एक खोटं लिहिलंय. तू बोलला होतास. वही माझ्या हातात देताना म्हणालास, "मामा, एकदा माझ्यासंगं चला की." मी ऐकलं होतं.

वही सोबत पाठवतोय. खोडलेलं मी पुन्हा लिहिलं नाही, ते तुझ्या हातानं लिही. गुरुवारी पहाटे राईच्या तोंडाशी उभा असेन. तू दाखवशील ते पाहीन.

तुझ्यासंगं न आलेला,
चांगदेवमामा