बंद केलेलं खातं

प्रिय दादा,

आई सांगत होती, माझं नाव निघालं की तू ताटावरून उठतोस. फोनही उचलत नाहीस. म्हणून लिहितेय. पत्राला निदान मध्येच तोडता येत नाही.

ज्या खात्यातून तुमची कंपनी आमची ड्रॉइंग उतरवून घेते, ते खातं मीच बंद केलं. वरून हुकूम आला म्हणून नव्हे, माझ्या मनाने. वहिनी पाहुण्यांना माझी ओळख ‘गाड्यांच्या कारखान्यातली पोस्टमास्तरीण’ अशी करून देते, आणि ते खरंच आहे. गाडीची ड्रॉइंग तुमच्यासारख्या देशोदेशीच्या पुरवठादारांना संगणकावरून, पासवर्डच्या कुलपात घालून पाठवायची, ज्याला जेवढं हवं तेवढंच दाखवायचं, आणि माप बदललं की नवं ड्रॉइंग सगळ्यांच्या हाती पडलं ना ते बघायचं. हेच माझं काम.

त्या दिवशी चाचणीच्या मैदानावर ब्रेकचं पेडल दाबलं आणि त्याचा आधार वाकला. मैदान मोकळं होतं म्हणून गाडी चालवणारी मुलगी नुसती हादरली. आधार तुमच्याकडून आला होता, जुन्या, पातळ मापाचा. मी नोंदी उलगडत गेले, तर जुनं ड्रॉइंग तुझ्या नावाने उतरवलेलं, तेही अशा देशातून जिथे तुमचं ऑफिसच नाही. पहिला फोन तुलाच केला. तू म्हणालास, “अगं, आमचे साचे बनवतो त्या साचेवाल्याला घाई होती, दिला पासवर्ड. आपलाच माणूस आहे.” आम्ही आधाराची जाडी वाढवली तेव्हा नवं ड्रॉइंग तुला आलं, पण तुझ्या ‘आपल्या माणसाने’ जुनं पुढे ज्याला दिलं, त्याला कोण कळवणार होतं? तो कोण, हे तुलाही सांगता आलं नाही. फोन ठेवला आणि खातं बंद केलं.

तेव्हापासून मी घरभेदी. आई म्हणते, सख्खा भाऊ आहे, जरा डोळेझाक केली असतीस तर काय बिघडलं असतं? बिघडलं असतं, दादा. मला सायकल शिकवताना दोन्ही ब्रेक स्वतः दाबून बघितल्याशिवाय तू मला सीटवर बसू द्यायचा नाहीस. मी रडून हट्ट केला तरी नाही. त्याच दादाची बहीण आहे मी. मला लाज वाटत नाही आणि मी माफीही मागणार नाही. पुन्हा असं झालं तर पुन्हा हेच करीन.

पण हे सांगायला पत्र लिहिलं नाही. काल आमच्या साहेबांनी त्या आधाराच्या चौकशीसाठी लिहिलेला अहवाल सहीसाठी माझ्यापुढे सरकवला. सगळा दोष तुझ्या एकट्याच्या माथी. साचेवाल्याला वेगळं खातं द्या म्हणून तू वर्षभर मागे लागला होतास आणि ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणून साहेबांनीच ती मागणी परत पाठवली, याचा त्यात चकार शब्द नाही. मागणी माझ्याच टेबलावरून गेली होती. मी म्हटलं, हे लिहा, मगच सही करते. ते हसून म्हणाले, “भावाला वाचवताय?” मी म्हटलं, “वाचवायचं असतं तर त्याचं खातं बंद केलं नसतं.” त्यांनी मला घरी बसायला सांगितलंय. बसले नाही. मागणीचे कागद घेऊन थेट कारखान्याच्या चौकशी समितीकडे गेले. शुक्रवारी समितीच्या बैठकीत साहेब तोच अहवाल तुझ्यापुढे ठेवतील, सही केलीस तर प्रकरण इथेच मिटवू म्हणतील. पासवर्ड दिलास ते सरळ कबूल कर, ते खरं आहे. बाकीच्यावर सही करू नकोस. मी तिथे तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणार आहे, तू माझ्याशी बोलत असलास तरी आणि नसलास तरी.

तुझीच, माघार न घेणारी,
धाकटी