कडेचे तारे आधी सुटतात

जळकोट, सोमवार

प्रिय सिद्धेश्वर,
अनेक आशीर्वाद.

तुझं जाड पाकीट, त्यातला ताऱ्यांवरचा निबंध, दोन आकृत्या, सगळं पोचलं. तिकीट मात्र कमी लावलं होतंस; सटवाजी पोस्टमनला वरून रुपया द्यावा लागला. शास्त्रज्ञ होशील तेव्हा हो, आधी पाकीट वजन करून टाकत जा.

निबंध दोनदा वाचला. मॅट्रिकच्या बळावर कळला तो असा: ताऱ्यांचा पुंजका दीर्घिकेच्या मध्याजवळ गेला की मधला भार अलीकडच्या ताऱ्यांना जास्त ओढतो, पलीकडच्यांना कमी. पुंजका लांबट होतो, कडेचे तारे आधी सुटतात. दाट असला तर तग धरतो, विरळ असला की लवकर विखुरतो. भाकरी थापता थापता मी हे तुझ्या अप्पांना सांगितलं. टँकर चार दिवसांनी येतो, पीठ कोरडंच मळावं लागतं, अन् भाकरीची कड आधी फाटते. तसंच की हे. अप्पा हसले. म्हणाले, पोरगं पुण्यात अन् शिकायलीस तू!

लातूर जिल्हा होऊन तिसरं वर्ष लागलं. आधी थोरले काका लातूरला गेले, तिथल्या गंजबाजारात दुकान टाकलं. आड आटला तसे धाकटेही त्यांच्यामागं गेले. सोमवारच्या पूजेचं तीर्थ एका गडव्यातून अकरा जण घ्यायचो, आज आम्ही दोघंच. थोरल्या काकांना तू भरल्या ताटावरून उठत घर फोडणारा म्हणालास. तेव्हापासून लातूरला गाडी बदलतोस, पण त्यांच्या दारात जात नाहीस. मी तुला तिथंच थांबवलं नाही, ती माझी चूक.

तुझ्या निबंधात मी मुद्दाम शोधलं. सुटलेल्या ताऱ्याला दोष कुठंच दिलेला नाहीस. उलट लिहिलंस, ते त्याच वाटेनं चालत राहतात, कुणी पुढं, कुणी मागं.

काल थोरले काका आले होते. अक्षयतृतीयेला आम्हीही लातूरला जातोय, त्यांच्याच घरी. मागच्या दोन खोल्या त्यांनी चुना देऊन ठेवल्यात. ट्रकसुद्धा तेच ठरवून गेले. जाताना एवढंच म्हणाले, शिवगंगा, आता तरी सिद्धू येईल का गं माझ्या दारात? मी म्हटलं, याचं उत्तर त्याच्याकडूनच मागवते. ते तूच दे. दोनच ओळी, त्यांच्या नावानं, पण उलट टपाली धाड. त्यांचा उंबरा ओलांडताना त्या माझ्या हातात असू देत. अन् तिकीट पुरेसं लाव.

तुझीच,
आई